पुतळा पाडणारे आणि गोळ्या ओतणाऱ्या

१/ ९ जुलै १७७६. न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने तिसऱ्या जॉर्जचा सोनेरी मुलाम्याचा, शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला. पुढे चित्रकारांनी हाच क्षण रंगवला.

२/ खरे कष्ट त्यानंतरचे होते. त्यातील बरेचसे शिसे कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे ऑलिव्हर वॉलकॉट यांच्याकडे पोहोचले. तेथे ४२,०८८ काडतुसे सिद्ध झाली.

३/ गोळी ओतणे हे कौशल्याचे काम. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात; ती पुन्हा वितळवावी लागते. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन तप्त शिसे अंगावर उडते. साच्याचे दोन्ही भाग घट्ट मिटले नाहीत, तर सांध्यावर कड उरते व गोळी नळीत अडकू शकते.

४/ वॉलकॉट यांच्या कागदपत्रांत हिशेब आहे : रूथ मार्विन ११,५९२, कन्या मेरी अ‍ॅन १०,७९०, लॉरा ८,३७८, धाकटा फ्रेडरिक ९३६.

५/ पुतळा पाडण्यास आवेश पुरला. सैन्याला दारूगोळा मात्र या चिकाटीने दिला. म्हणून या घटनेचे श्रेय केवळ जमावाला देणारा इतिहास अपुरा आहे. ही नावेही पाठ्यपुस्तकांत यायला हवीत.