अक्षता कोणाच्या, सही कोणाची

परवा पार्क चौकात चहाच्या गाड्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला गाठले. "वकीलसाहेब, उद्या दोन पोरांनी एकमेकांशी लग्न करतो म्हटलं, तर अक्षता टाकायला आमच्या स्वामींना कोर्ट ओढून आणणार का?" आवाजात राग नव्हता, भीती होती. मी म्हटले, नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून हा आठवडा त्यांच्यासाठी.

खरे तर सोलापूरकराला हे जड जाऊ नये. दर संक्रांतीच्या यात्रेत आपण बाराबंदी घालून सम्मती कट्ट्यासमोर उभे राहतो आणि ग्रामदैवत सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लावतो. समोर सात नंदीध्वज, भोवती माणसांचा समुद्र. हे लग्न कुठल्या कायद्यात बसते, असे आजवर कोणी विचारलेले नाही. विचारू पण नये. श्रद्धेचे लग्न श्रद्धेच्या नियमाने लागते. कोणाचे लावायचे आणि कोणाचे नाही, हे ज्याचा त्याचा धर्म ठरवतो. घटनेचे 25वे कलम त्यासाठीच आहे.

निबंधकाच्या कचेरीतले लग्न वेगळे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते, तीन साक्षीदार लागतात आणि अधिकाऱ्यासमोर सही. ना भटजी, ना काझी, ना जंगम. याचा पूर्वज, 1872 चा कायदा, मूळ रूपात फार कडक होता: आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे लिहून दिल्याशिवाय सहीच होत नसे. आज धर्म सोडावा लागत नाही आणि धर्माला विचारावेही लागत नाही.

समलिंगी जोडप्यांनी सुप्रीम कोर्टात मागितली ती ही सही. 18 एप्रिल 2023 ला सुनावणी सुरू झाली तेव्हाच घटनापीठाने सांगून टाकले की वैयक्तिक कायद्यांत आपण शिरणार नाही. म्हणजे स्वामींचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता. बाहेर मात्र त्याच्यावरच भांडण पेटले. 17 ऑक्टोबरला निकाल आला: लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलायचा तर संसदेने, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत. नागरी जोडीदारीला मान्यता द्यावी म्हणणारे तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल दोघेच उरले. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. सुनावणीत केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध कळवला. आपल्या महाराष्ट्राने आणखी वेळ मागितला. अजून मागतच असावा.

मला विचाराल तर पुरोहिताला सक्ती नको, कधीच नको. पण सरकारी टेबलामागच्या माणसाला ही मुभा देता येणार नाही. पगार सगळ्यांच्या करातून घ्यायचा आणि सही निवडक लोकांना द्यायची, हे चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेने 2006 च्या कायद्यात अधिकाऱ्यांना सदसद्विवेकाच्या नावाने नकार द्यायची सोय ठेवली होती. 2020 मध्ये ती काढून टाकावी लागली.

घोडे अडते ते मधल्या जागी. एखाद्या देवस्थानाचे मंगल कार्यालय घ्या. देवळाच्या आवारातला सभामंडप असेल तर देवस्थानाचा शब्द शेवटचा. पण तेच कार्यालय रस्त्याकडे तोंड करून, पाटी लावून, जात-धर्म न विचारता भाड्याने दिले जात असेल, तर तो धंदा झाला, आणि धंद्यात गिऱ्हाईक निवडता येत नाही असे मी म्हणेन. यावर माझ्या वकील मित्रांचे माझ्याशी पटत नाही. न पटो. कुठल्या तरी कोर्टात एक दिवस हे भांडण येईलच. त्याआधी संसदेने कायद्यातच तशी रेघ आखलेली बरी.

निकालानंतर या जोडप्यांच्या हक्कांसाठी केंद्राने समिती नेमली; तूर्त तिच्या हातून जे मिळाले ते असे: रेशन कार्डासाठी अशी जोडपी एका घरातली धरावीत, हा सल्ला, आणि बँकेत संयुक्त खाते उघडायला आडकाठी नाही, हा ऑगस्ट 2024 चा खुलासा. पासबुकावर दोघांची नावे येतात. निबंधकाच्या वहीत येत नाहीत.