शिकवणीची फी कोणी भरायची?

विद्यालयाच्या या स्मरणिकेत गौरवाचे आणि आठवणींचे लेख पुष्कळ असतील, आणि ते असावयासच हवेत. आम्ही मात्र या पानांवर माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे एक प्रश्न ठेवू इच्छितो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील अनेक घरांत तो दरवर्षी जून महिन्यात उभा राहतो: पाचवीतल्या मुलाला नवोदयच्या प्रवेश परीक्षेसाठी खासगी शिकवणी लावावी काय, आणि लावावयाची तर पैसे कोठून आणावेत?

ग्रामीण भागातील गुणी मुलांना पालकांची ऐपत न पाहता उत्तम शिक्षण मिळावे, या हेतूने 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांची योजना देशासमोर ठेवली. प्रारंभीच्या दोन प्रायोगिक विद्यालयांपैकी एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या महाराष्ट्रात, अमरावतीला निघाले. रायगड जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यातील निजामपूर येथे आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 जागा असतात. त्यांतील किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आहे. निवास, भोजन, गणवेश, पाठ्यपुस्तके हे सारे विनामूल्य. मजुराच्या घरातील मुलाला सहावीपासून बारावीपर्यंतची वाट मोकळी करून देणारे असे दार दुसरे क्वचितच असेल. ते एकदाच ठोठावता येते. या परीक्षेला दुसऱ्यांदा बसता येत नाही.

आता परीक्षेचे स्वरूप पाहू. दोन तासांत 80 प्रश्न, गुण 100. त्यांपैकी 25 गुण अंकगणिताला, 25 भाषेला आणि उरलेले 50 मानसिक क्षमता चाचणीला. या चाचणीत आकृत्या असतात: गटात न बसणारी आकृती ओळखणे, आरशातील प्रतिमा निवडणे, घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे. हे प्रश्न पाठ्यपुस्तकातील धड्यांवर बेतलेले नसतात. ते मुलाची उपजत बुद्धी जोखतात, असे म्हटले जाते. परंतु ज्याने अशा शेकडो आकृत्या आधी सोडविल्या आहेत, त्याला एका प्रश्नाला अर्धे मिनिट पुरते. ज्याने त्या परीक्षेच्या दिवशीच प्रथम पाहिल्या, त्याचा वेळ प्रश्न कशाविषयी आहे हे समजण्यातच जातो. उत्तरपत्रिकेवरील गोल नीट काळा करणे हीदेखील सवयीचीच गोष्ट आहे. शिकवणीची फी भरून पालक मुलासाठी मुख्यतः हा सराव विकत घेतात, हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे.

हा सराव कोणाला परवडतो? कर्जत, नेरळ, खोपोली या रेल्वेलगतच्या गावांत शिकवण्या मिळतात. खांडस, पाथरज, कशेळे या बाजूच्या पाड्यावरील मुलाला तेथे रोज पोहोचणे हेच मुळात अवघड. फीचा विचार त्यानंतरचा. खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा बाप किंवा कोणाच्या फार्महाऊसवर झाडलोट करणारी आई पोटाला चिमटा घेऊन मुलाची फी भरते, तेव्हा तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या लेकरासाठी तिने योग्य तेच केले. तथापि, ज्या मुलांची ऐपत पाहिली जाऊ नये म्हणून ही विद्यालये निघाली, त्यांच्या वाट्याला ऐपतीचीच परीक्षा यावी, ही विसंगती मोठी आहे.

सर्वांत मागे राहते ते आपल्याच डोंगराच्या कुशीतील कातकरी मूल. दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबे पनवेल, कल्याण, भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. प्रवेश परीक्षा नेमकी हिवाळ्यात येते. शिवाय ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. ज्याचे अर्धे वर्ष भट्टीवर गेले, तो मुलगा शिकवणीच्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही.

यावर दोन उपाय नेहमी सुचविले जातात. शिक्षकांनीच ही तयारी करून घ्यावी, असे काहीजण म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेत सराव घेण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही, आणि अनेक शिक्षक तो आपलेपणाने घेतात. परंतु जेथे दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात, तेथे सारी भिस्त त्यांच्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. दुसरे काही म्हणतात, शिकवण्यांवर बंदीच आणावी. केंद्र शासनाने जानेवारी 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग केंद्रांनी 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. तथापि चार-सहा मुलांची घरगुती शिकवणी त्यांच्या कक्षेत येत नाही. आणि बंदी उद्या खरोखरच अमलात आली, तरी पाड्यावरच्या मुलाच्या हाती सरावाची एकही पुस्तिका त्यामुळे पडणार नाही.

म्हणून आमचे मत असे, की ही फी एकेका घराने भरू नये. ती समाजाने मिळून भरावी, आणि शक्य तेथे पैशाऐवजी वेळाने भरावी. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची आपणहून विचारपूस केली आणि त्यांना वाचनाची दिशा दिली. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढील शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. या मार्गदर्शनाची फी कोणी मागितली नाही. धम्मात अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज शिक्षक, रेल्वे कर्मचारी, अभियंते, परिचारिका आहेत. प्रत्येकाने वर्षातील सहा रविवार दिले, तरी पुष्कळ काम होईल.

आमची सूचना थोडक्यात अशी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून विद्यालयाच्या वर्गखोल्यांत दर रविवारी परिसरातील पाचवीच्या मुलांसाठी विनामूल्य सराव वर्ग चालावा. तो कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला खुला असावा. आठवी-नववीच्या निवासी विद्यार्थ्यांनी लहानांना आकृत्या आणि गणिते शिकवावीत. त्यात त्यांचाही अभ्यास पक्का होईल. ऑनलाइन अर्ज, जातीचा आणि रहिवासाचा दाखला यांसाठी पालकांना मदत करणारे एक टेबल तेथेच असावे, कारण कित्येक मुले परीक्षेआधी कागदांतच अडकतात. सराव पुस्तिकांचा आणि लांबच्या मुलांच्या एसटी भाड्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून व्हावा. आणि दिवाळीपूर्वी कातकरी पालकांना भेटून, मूल मागे ठेवून जाण्याची त्यांची तयारी असेल तर त्याची राहण्या-जेवणाची सोय आपल्या वसतिगृहात किंवा जवळच्या आश्रमशाळेत लावून द्यावी. या सर्व कामांत हेच सर्वांत कठीण आहे, म्हणून त्याला सर्वांत आधी हात घालावा.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. संपूर्ण जिल्ह्याला मिळून जागा 80च आहेत. आपल्या वर्गातील बहुसंख्य मुलांची निवड होणार नाही, हे पहिल्याच दिवशी पालकांना स्पष्ट सांगावे. यादीत नाव न आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला घरी, वाडीत किंवा विहारात कोणी ‘नापास’ म्हणता कामा नये. वर्गाची आखणीही त्याच बेताने करावी: अपूर्णांक समजणे, परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येणे, वेळेत काम पुरे करणे. निवड झाली नाही तरी हे शिक्षण मुलापाशी राहील आणि आपल्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याला उपयोगी पडेल.

या कार्यासाठी नाव देऊ इच्छिणाऱ्यांनी मे महिना संपण्यापूर्वी विद्यालयाच्या कार्यालयात आपल्या सवडीचे रविवार नोंदवावेत. देणगीची पावती मिळेलच. परंतु आम्हाला पैशांहून अधिक गरज आहे ती शिकविणाऱ्या माणसांची.