विश्लेषण : एकाच कादंबरीवर चित्रपट आणि मालिका, ‘वन डे’ छोट्या पडद्यावर अधिक का भावली?

लोकप्रिय प्रेमकथेवर चित्रपट निघाला की ‘पुस्तकच बरे होते’ हा शेरा ठरलेला. ब्रिटिश लेखक डेव्हिड निकोल्स यांच्या ‘वन डे’ कादंबरीच्या वाट्याला तो २०११ मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हीच गोष्ट नेटफ्लिक्सवर १४ भागांची मालिका होऊन आली, तेव्हा मात्र वाचक आणि नवे प्रेक्षक दोघेही तिच्यात गुंतले. गोष्ट तीच, पात्रेही तीच. मग फरक कशामुळे पडला?

कादंबरीचे वेगळेपण काय?

२००९ मध्ये प्रकाशित झालेल्या या कादंबरीच्या जगभरात पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. एमा मॉर्ली आणि डेक्स्टर मेह्यू १५ जुलै १९८८ रोजी, एडिनबरा विद्यापीठाच्या पदवीदानाच्या रात्री भेटतात. ती लीड्समधल्या साध्या घरातली, पुस्तकांत रमणारी. तो सधन घरातला, देखणा आणि बेफिकीर. त्यानंतर पुढची जवळपास वीस वर्षे दरवर्षी फक्त १५ जुलै या एकाच दिवशी वाचक त्यांना भेटतो.

ही तारीख इंग्लंडमध्ये ‘सेंट स्विदिन्स डे’ म्हणून ओळखली जाते. या दिवशी पाऊस पडला तर तो पुढे चाळीस दिवस पडतो, अशी तिथली लोकसमजूत आहे. आपल्याकडे नक्षत्रांवरून पावसाचे ठोकताळे बांधतात, तसाच हा प्रकार. आज जे घडले त्यावरून पुढचे सांगता येते का, हा प्रश्न या तारखेतच दडलेला आहे.

चित्रपटात काय निसटले?

चित्रपटाची पटकथा खुद्द निकोल्स यांनीच लिहिली होती. लोन शर्फिग यांचे दिग्दर्शन, अ‍ॅन हॅथवे आणि जिम स्टर्जेस ही जोडी, असा सगळा जामानिमा होता. तरीही समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र राहिला. हॅथवे यांच्या यॉर्कशरी उच्चारांची चर्चा खूप झाली, पण खरी अडचण वेळेची होती. पावणेदोन तासांत जवळपास वीस वर्षे बसवायची, तर एका वर्षाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटेच येतात. एमा लंडनमधल्या मेक्सिकन उपाहारगृहात राबते, डेक्स्टर टीव्हीवरच्या प्रसिद्धीत वाहवत जातो, हे कळते. पण त्यांची वर्षे वाया चालली आहेत, ही रुखरुख प्रेक्षकाला लागत नाही.

मालिकेने काय साधले?

निकोल टेलर यांच्या नेतृत्वाखालील लेखकांनी कादंबरीची रचनाच मालिकेचा सांगाडा म्हणून वापरली. साधारणपणे एक भाग म्हणजे एक वर्ष. बहुतेक भाग अर्ध्या तासाच्या आसपासचे, त्यामुळे एकूण सुमारे सात तास मिळाले. काही भागांत दोघे भेटतच नाहीत, एकमेकांची उणीव मात्र जाणवत राहते. शेवट इथे सांगण्याची गरज नाही; पण तो चटका लावतो, कारण तोपर्यंत प्रेक्षकाने या दोघांसोबत खरोखर काळ घालवलेला असतो.

मर्यादित भागांच्या मालिकेचे बळ यातच आहे. दैनंदिन मालिकेसारखी गोष्ट ताणावी लागत नाही, आणि चित्रपटासारखी आवळावीही लागत नाही. बीबीसीने १९९५ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सहा भागांत मांडली आणि २०२० मध्ये सॅली रूनी यांच्या ‘नॉर्मल पीपल’वर १२ भागांची मालिका आली, तेव्हाही हेच दिसले होते.

नायिकेच्या निवडीची चर्चा का झाली?

मालिकेत एमाची भूमिका अंबिका मोड या भारतीय वंशाच्या ब्रिटिश अभिनेत्रीने केली. डेक्स्टर झाला लिओ वुडॉल. कादंबरीतली एमा गौरवर्णीय आहे. मोड यांनी मुलाखतींत सांगितले, की सुरुवातीला त्यांनी या भूमिकेच्या चाचणीलाच नकार दिला होता. प्रेमकथेची नायिका म्हणून त्या स्वतःला पाहूच शकत नव्हत्या. ब्रिटिश पडद्यावर दक्षिण आशियाई मुलगी डॉक्टर होते, नायिकेची मैत्रीण होते. जिच्यासाठी नायक वीस वर्षे झुरतो, ती मात्र क्वचितच. त्यामुळे पुस्तकाच्या चाहत्यांच्या मनातली एमा बदलणे हा निव्वळ कलाकार निवडीचा मामला राहिला नाही.

याला दुसरी बाजूही आहे. मालिकेत एमाचा भारतीय वारसा जाता जाता येतो. १९८८ च्या ब्रिटनमध्ये अशा मुलीला वंशभेदाचे चटके बसलेच नसतील का, हा प्रश्न रास्त आहे. मात्र गौरेतर नायिकेची प्रत्येक गोष्ट वंशभेदाचीच असावी, ही अपेक्षाही एक प्रकारची चौकटच. एमाला सतावणारे प्रश्न आपण लेखिका होऊ का आणि हा माणूस आपल्या लायकीचा आहे का, असेच राहतात. नायिकेला मिळणारी ही मोकळीकच मोड यांच्या निवडीने मिळवली, असे म्हणता येते.

ओटीटी कंपन्यांचा फायदा कोणता?

खपाची कादंबरी म्हणजे आधीच जमलेला वाचक. नवी गोष्ट लोकांना आवडेल का, ही जोखीम थोडी कमी होते. प्रकाशकांनाही लाभ होतो : मालिकेनंतर ‘वन डे’ ब्रिटनमधल्या खपाच्या याद्यांत पुन्हा वर आली. मात्र यशाबरोबर मोहही येतो. ‘बिग लिटल लाइज’ ही २०१७ मधली सात भागांची मालिका कादंबरीबरोबरच संपली होती; तरी २०१९ मध्ये तिचा दुसरा हंगाम आला.

‘वन डे’ला ती वाट नाही, कारण तिची गोष्ट शेवटाकडेच चाललेली असते. पडद्यावर पाहणाऱ्याला ते ठाऊक नसते, एमा आणि डेक्स्टरलाही नसते. दोघे दरवर्षी ‘पुढे पाहू’ म्हणत राहतात. सात तास त्यांच्यासोबत काढल्यावर ‘पुढे पाहू’ची किंमत किती, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.