पदक घडवावं चंद्रपूर-गडचिरोलीत

२०२४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरी झालेल्या जागतिक कौशल्य स्पर्धेत भारताने ४ कांस्यपदकं मिळवली. हाताच्या कसबाचा मान करणारं पदक स्वतःही कसबी हातांनी घडलेलं असावं. मग राज्यातल्या अशा स्पर्धांची पदकं नि स्मृतिचिन्हं चंद्रपूर-गडचिरोलीत का घडू नयेत? चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना सागवान इथलंच गेलं. बांबूला कीड लागते, हे खरं. पण बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवून सावलीत वाळवलेली कामटी वर्षानुवर्षं टिकते. पदकाला धातूचीच शोभा, असं ज्यांना वाटतं त्यांनी पॅरिस ऑलिंपिकचं पदक पाहावं. त्याच्या मधोमध आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा १८ ग्रॅमचा षटकोनी तुकडा होता, आणि खेळाडूंनी तो अभिमानाने मिरवला. आपल्याकडे निविदेत स्थानिक बांबू-सागवानाची अट घालावी आणि पदकामागे कारागिराचं नाव कोरावं.