वेषांतर कुणाला परवडते?

कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तली भामिनी श्रीमंत बापाची लेक. गरीब धैर्यधराला ती आधी हिणवते, तोही तिला झिडकारतो. मग वनमाला हे नाव आणि साधा वेश घेऊन ती त्याच्यासमोर येते, आणि हा शूर गडी भाळतो. 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. जानेवारी 2025 मध्ये सुबोध भावे यांचा त्यावरचा चित्रपटही येऊन गेला. शंभरावर वर्षे आपण या गैरसमजावर खूश आहोत. का नसावे? गोविंदराव टेंब्यांच्या चाली आहेत. त्या नादात कथानकातली एक चलाखी मात्र सहज पचून जाते. धैर्यधराचे मन गरीब मुलीवर बसते, पदरात पडते श्रीमंत मुलगी. खरी गरीब वनमाला नाटकात नाहीच. प्रेमाची कसोटी लागली म्हणायची, तोशीस कुणालाच नाही.

उलट्या दिशेने गेलेल्याचे काय झाले? पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. भाऊसाहेब परत येतील ही आशा त्यांच्यासारखी इतरांनाही होती, म्हणूनच सुखनिधान नावाचा कुणी ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला तेव्हा कोकणात माणसे त्याच्यामागे गेली. 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. तोतया तो होताच, त्याची कड घ्यायचे कारण नाही. पण श्रीमंताने गरिबाचे सोंग घेतले तर संगीत नाटक, आणि गरिबाने श्रीमंताचे घेतले तर बंड, ही वाटणी आपल्या प्रेमकथांनीही निमूट मान्य केली आहे.

भिवंडीच्या नारपोलीत ही वाटणी जरा जास्त खुपते, कारण सोंगाला लागते ते कापडच इथल्या गल्ल्यांत दिवसरात्र निघते. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. थांबलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. कोरा तागा रंगायला, छापायला बाहेर जातो, आणि तो कुणाच्या अंगावर चढला हे विणणाऱ्याला कधी कळत नाही. ऐतिहासिक प्रेमकथांत शालू, शेला, जरीचा अंगरखा यांची वर्णने पानपानभर असतात. साळी-कोष्टी आलाच तर दाराबाहेर उभा.

रंगमंचावर मात्र वेशाची ही वाट एकदा उलटी वळली होती. भामिनी झालेले बालगंधर्व कुणी सरदारपुत्र नव्हते, पण त्यांची साडी, त्यांचे दागिने पाहून बड्या घरच्या बायका नटायला शिकल्या.

तेव्हा दिवाळी अंकांसाठी आत्तापासून कादंबरिका योजणाऱ्यांना एक कथानक फुकट देतो. सरदाराच्या वाड्यात साळ्याच्या पोराला चुकून जहागीरदाराचा मुलगा समजतात, सरदारकन्या त्याच्या प्रेमात पडते. अट एकच: शेवटी तो साळीच निघाला पाहिजे. लहानपणी जत्रेत हरवलेला राजपुत्र, दंडावरची खूण वगैरे काही उजेडात आणायचे नाही. मग नायिकेने काय करायचे, ते लेखकाने ठरवावे.