कपाटातला कंदील आणि पावसाळ्यातला सूर्य

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर धडकले. पडलेल्या नारळी-पोफळींचे पंचनामे पुढे यथावकाश झाले. मोडलेल्या विजेच्या खांबांचीही मोजदाद झाली. परंतु ते खांब पुन्हा उभे राहीपर्यंत कित्येक गावांनी जे आठवडे काळोखात काढले, त्यांची नोंद कोणत्या पंचनाम्यात करावयाची? रेशनच्या रॉकेलचे दिवस सरले. घरोघरीचा काचेचा कंदील शोभेची वस्तू झाला आहे. अशा वेळी सौरकंदिलाचे नाव पुढे येणे स्वाभाविक आहे. हजार-पाचशे रुपयांत मिळणारी, हातात मावणारी आणि इंधन न मागणारी ही वस्तू आपत्तीवरचा हुकमी इलाज म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण एका अटीवर, आणि ती अट सांगण्यास कोणी फारसे उत्सुक दिसत नाही.

आपल्याकडील पूर, दरडी आणि वादळे बहुधा नेमकी त्या दिवसांत येतात ज्या दिवसांत सूर्य नसतो. येथे थोडे गणित केले पाहिजे. दोन वॅटचे पॅनेल एप्रिलच्या कडक उन्हात पाच तास ठेवले तर कागदावर दहा वॅट-तास वीज होते. निरनिराळ्या मार्गांनी होणारी घट वजा जाता सहा-सात हाती राहते. तेवढ्यावर एक वॅटचा एलईडी दिवा सहा तास चालतो, आणि त्याचा उजेड साध्या वातीच्या चिमणीच्या दसपट तरी असतो. जुलैतल्या दाट ढगांखाली हेच पॅनेल दीड-दोन वॅट-तासांवर येते. म्हणजे उजेड तास-दीड तासाचा. त्यातून मोबाईल भरू म्हणाल, तर त्याची बॅटरी अठरा-वीस वॅट-तासांची. फोन अर्धाही न भरता कंदील विझेल. तेव्हा आपत्तीसाठी कंदील घेताना मंद उजेडावर तीन-चार रात्री निघतील एवढी बॅटरीची क्षमता पाहावी, आणि वीज असताना तो घरच्या प्लगवरही भरता येतो की नाही हे विचारावे. सौरकंदील विजेवर भरणे कोणाला तत्त्वच्युती वाटेल; पुराच्या रात्री वाटणार नाही.

भूकंपाला ऋतू नसतो हे खरे. परंतु ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप पहाटे चारच्या सुमारास, अंधारातच झाले. त्या घटकेस कंदील हाताशी हवा आणि भरलेला हवा.

अडचण नेमकी या ‘भरलेला’ शब्दात आहे. सरकारी योजनांतून पूर्वी वाटले गेलेले सौरकंदील दहा वॅटचे पॅनेल, शिसे-आम्लाची बारा व्होल्टची बॅटरी आणि सात वॅटचा सीएफएल अशा बांधणीचे असत. ती बॅटरी रिकामी पडून राहिली की आतून निकामी होई, आणि बरी वापरली तरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागे. आजच्या लिथियम बॅटऱ्या अधिक टिकाऊ आहेत; पण पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहणे त्यांनाही सोसत नाही. आणीबाणीसाठी म्हणून जपून कपाटात ठेवलेला कंदील आणीबाणीतच दगा देतो, याचे कारण हे आहे. उलट सह्याद्रीतल्या गडांवर मुक्कामाला जाणाऱ्या तरुणांचा कंदील वर्षानुवर्षे चालतो, कारण तो दर पंधरवड्याला वापरला जातो. पाठपिशवीला पॅनेल टांगून चालल्याने फारसे काही भरत नाही, तोंड सूर्याकडे राहत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. मुक्कामी पोहोचल्यावर पॅनेल कातळावर उन्हात आणि कंदील सावलीत, म्हणजे बॅटरी तापत नाही, हेही ते जाणतात. ही हौसेची विद्या क्षुल्लक मानू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाहन जाईल असा रस्ता वाडीला नव्हता. भर पावसात, अंधारात पायी वर चढलेल्यांत गिर्यारोहकही होते.

घरातल्या एका कंदिलाची ही कथा, तर शासकीय खरेदीतल्या हजारोंची काय असेल! आपल्याकडे वाटप हा समारंभ असतो आणि दुरुस्ती ही कटकट. याला एक चांगला अपवाद नोंदविला पाहिजे. मुंबईच्या आयआयटीने २०१४ साली महाराष्ट्रासह चार राज्यांतील विद्यार्थ्यांपर्यंत दहा लाख सौर अभ्यासदिवे पोहोचविण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा दिव्यांची जुळणी गावच्या माणसांकडूनच करवून घेतली आणि दुरुस्तीची केंद्रेही तेथेच काढली. दिवा जोडणाऱ्याच्या हाताला तो उघडण्याची भीती उरत नाही. शिक्षणाचा हा अर्थ शाळामास्तरांना निराळा सांगावयास नको.

आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदांत कंदिलांची संख्या लिहिलेली असते. त्यांपैकी किती पेटतात हे लिहिण्याचा रकाना त्यात हवा. हे कंदील तालुक्याच्या गोदामात कुलूपबंद ठेवण्याऐवजी जिल्हा परिषदेच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, वाडीवरच्या अंगणवाडीत वर्षभर वापरात ठेवावेत. रात्रीचा अभ्यास, ग्रामसभा, भजन, काहीही असो. हरवतील, फुटतील, ही कारकुनी भीती खोटी नाही. पण गोदामात ते न हरवता मरतात. खरेदीच्या निविदेत पाच वर्षांच्या बदली बॅटऱ्या आणि प्रत्येक गटात दुरुस्ती जाणणारा एक माणूस, एवढे दोन खर्च जोडावेत. आणि मे महिन्यात, समुद्रातल्या पहिल्या वादळाचा इशारा येण्याआधी, गावातले सगळे कंदील एका संध्याकाळी एकत्र पेटवून मोजावेत.