चित्रकर्त्री सुनयनी देवी

कलकत्त्याच्या जोरासांको भागातील टागोरांच्या वाड्याचा दक्षिणेकडील व्हरांडा म्हणजे गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ या बंधूंची चित्रशाळाच होती. त्यांची धाकटी बहीण सुनयनी देवी याच घरात वाढल्या. जन्म १८७५ चा; बाराव्या वर्षी रजनीमोहन चट्टोपाध्याय यांच्याशी विवाह झाला. अवनींद्रनाथांना युरोपीय चित्रकारांकडून धडे मिळाले. सुनयनी देवींना रीतसर शिक्षण कधीच लाभले नाही. वयाच्या तिशीत, संसाराचा व्याप सांभाळता सांभाळता त्यांनी कुंचला हाती घेतला.

त्यांची रीत स्वतःची होती. प्रथम कुंचल्यानेच तांबडी किंवा काळी बाह्यरेषा काढावयाची, तीत पातळ जलरंग भरावयाचा आणि मग तो कागद पाण्याच्या पात्रात बुडवावयाचा. पाणी काही रंग परत घेई, उरलेला कागदात मुरे. त्या धूसर छटांतून जे आकार सुचत, ते पुन्हा रेषेने उजळावयाचे. राधा-कृष्ण, गवळणी, अर्धनारीश्वर असे त्यांचे विषय. त्यांतील लांबट, अर्धोन्मीलित डोळे पाहिले की बंगालमधील पटचित्रे व मातीच्या बाहुल्या आठवतात.

अनेक चित्रे आपल्याला स्वप्नात दिसतात, असे त्या सांगत. या सांगण्याने त्यांचे थोडे नुकसानच झाले. ‘भाबडी, स्वयंस्फूर्त कला’ असा शिक्का त्यांच्या चित्रांवर सहज बसला. वस्तुतः भिजता कागद कोणत्या क्षणी पाण्याबाहेर काढावा, हे स्वप्नात कळत नाही. त्याला वर्षानुवर्षांचा हात लागतो. कलासमीक्षक स्टेला क्रामरिश यांनी ही योग्यता वेळीच ओळखली व त्यांच्यावर आस्थेने लिहिले. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात जर्मनीच्या बाउहाउस कलाशाळेतील कलावंतांच्या कृती मांडल्या गेल्या. पॉल क्ले, कँडिन्स्की यांची चित्रे तेथे होती आणि भारतीय चित्रांत या गृहिणीचीही होती. १९२७ मध्ये त्यांची चित्रे लंडनमध्येही प्रदर्शित झाली.

पुढे १९३० नंतरच्या दशकात घराची आर्थिक घडी विस्कटली, पतीही निवर्तले. ज्या भरल्या घरात चित्र काढण्यासाठी चार निवांत घटका मिळत, ते घरच पूर्वीचे राहिले नाही. हळूहळू कुंचला थांबला. १९६२ मध्ये सुनयनी देवींचे निधन झाले. तेव्हा त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांतील चित्रांची वर्षे जेमतेम तीस.